आक्काची फुटबॉलची वही

हैदराबादच्या मराठी घरांत एके काळी फुटबॉलचे वेड होते, असे आज कुणास सांगितले तर तो आमच्याकडे जरा संशयाने पाहतो. क्रिकेटचे म्हणायचे असेल यांना, वय झाले, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर असतो. पण ज्यांनी पन्नासच्या दशकातले फतेह मैदान पाहिले आहे, त्यांना ही खूण पटेल. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईस जाऊन रोव्हर्स चषक आणला होता. त्या संघास घडवणारे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक. गल्लीतली पोरेदेखील त्यांचे नाव ‘रहीमसाहेब’ असेच घेत. त्यांच्या हाताखाली भारताचा संघ १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ साली जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक घेऊन परतला. त्यानंतर वर्षाच्या आत रहीमसाहेब गेले. फतेह मैदानाचे नाव पुढे लालबहादूर स्टेडियम झाले, आणि आमच्या बोलण्यातले जुने नाव तेवढे राहिले.

आमचे घर बडी चावडीला. थोरले दादा आणि आम्ही मैदानावर जात असू, स्वस्तातल्या बाजूस उभ्याने सामना पाहत असू, आणि दिवेलागणीच्या सुमारास धुळीने माखून घरी येत असू. दारातच आक्का बसलेली असे. आक्का आमच्याहून सहा वर्षांनी मोठी. फतेह मैदानावर त्या काळी बायका मुळीच दिसत नसत असे नाही. मोटारीतून येणाऱ्या बड्या घरांतल्या दिसत. आमच्या घरांतल्या दिसत नसत. त्याबद्दल कधी वाद झाल्याचे आम्हांस स्मरत नाही. वाद व्हावा असे कुणास वाटलेच नव्हते, यात सगळे आले.

आक्का तांदूळ निवडत असे आणि आमची तपासणी घेत असे. गोल कोणी केला, कोणत्या पायाने केला, चेंडू त्याच्याकडे कोणी दिला. दादा पटापट सांगत. आम्हांस पुष्कळदा ठाऊक नसे, कारण पुढे उंच माणूस उभा असे. मग आम्ही मनाने काही ठोकून देत असू. आक्का निजामाच्या अमदानीत शाळेत उर्दू शिकलेली. दुसऱ्या दिवशी आजोबांचे उर्दू वर्तमानपत्र वाचून ती आमची लबाडी पकडी आणि मग खरे काय ते एका वहीत लिही. ही वही म्हणजे वडिलांच्या कचेरीतून आलेला हिरव्या पुठ्ठ्याचा जुना रोजमेळ. जमेच्या बाजूस आपल्या संघाचे गोल, खर्चाच्या बाजूस प्रतिपक्षाचे. कात्रणे खळीने चिकटवलेली. रहीमसाहेब मुलांना दुबळ्या पायानेच खेळायला लावून सामने घेतात आणि चेंडू स्वतःपाशी घोळवत ठेवणाऱ्यास रागावतात, हे आम्ही मैदानावर ऐकून आलो आणि आक्काने ते वहीच्या पहिल्या पानावर नियमासारखे लिहून ठेवले. एकही सामना न पाहिलेल्या आमच्या बहिणीस खेळ आमच्याहून अधिक कळत होता, ही गोष्ट दादांनी मोकळेपणी मान्य केली होती. आम्ही केली नव्हती.

लग्न होऊन आक्का काचीगुड्यास गेली तेव्हा वहीही तिच्या ट्रंकेतून गेली.

आता मूळ विषयाकडे येऊ. १९८० सालच्या प्रारंभीची गोष्ट. आम्ही तिच्याकडे जेवावयास गेलो होतो. तिने वही पुढे केली आणि एका कोऱ्या पानावर चिकटवलेले चार ओळींचे इंग्रजी कात्रण दाखवले. कालिकत येथे झालेल्या महिलांच्या आशियाई स्पर्धेत भारत उपविजेता ठरला होता. अंतिम सामना तैवानच्या मुलींनी जिंकला होता. पानाच्या माथ्यावर आक्काने शाईने लिहिले होते, ‘आपल्या मुली’. आमचे वय तेव्हा छत्तीसच्या घरात, म्हणजे समज येऊन पुष्कळ काळ लोटला होता. तरी आम्ही हसलो.

“आक्का, हा काय फुटबॉल! कोण बघायला जात असेल?”

ती वाटीत आमटी वाढत होती. म्हणाली, “मैदान मी तरी कुठे बघितलं होतं रे? वही भरलीच ना?”

आमच्या मनात ते लागले नाही. लागावयास हवे होते, हे आज लिहिताना कळते. तिची दुसरी तक्रार मात्र ध्यानात राहिली. कात्रणात एकाही खेळाडूचे नाव नव्हते. देशाने त्या स्पर्धेत दोन संघ उतरवले होते, म्हणजे तीस-एक मुली तरी असतील. नाव एकीचेही नाही. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणाऱ्या नेव्हिल डिसूझाचे नाव आमच्या गल्लीतल्या पानवाल्यासही ठाऊक होते. आक्काने कात्रणाखाली अकरा ओळी आखून मोकळ्या सोडल्या होत्या. नावे मिळतील तशी भरीन, म्हणाली. पुढे मडगावच्या आमच्या मावसबहिणीच्या पत्रातून एक नाव आले. भारताकडून खेळणारी त्यांच्या गोव्याची मुलगी, योलांडा डिसूझा. आक्काने ते पहिल्या ओळीवर लिहिले. बाकीच्या दहा ओळी कित्येक वर्षे तशाच होत्या.

त्या मुलींच्या मागे उभी असलेली संस्थाही तेव्हा वेगळीच होती. १९७५ साली लखनौकडे महिला फुटबॉलचा स्वतंत्र महासंघ निघाला होता. मुख्य महासंघास या खेळाशी कर्तव्य नव्हते. पुढे नव्वदच्या दशकाच्या तोंडावर हा कारभार त्याच्याकडे गेला. घर बदलले म्हणून ताट वाढले गेले असे मात्र झाले नाही. हे आपल्याच देशाचे करंटेपण असे आम्ही समजत होतो. नंतर वाचनात आले की खुद्द इंग्लंडात, जिथला हा खेळ, तिथल्या फुटबॉल संघटनेने १९२१ साली आपल्या सभासद क्लबांची मैदाने बायकांना बंद केली आणि ती बंदी सुमारे पन्नास वर्षे चालवली. कारण दिले होते की हा खेळ स्त्रियांच्या प्रकृतीस मानवणारा नाही. विहिरीवरून दोन-दोन घागरी आणणाऱ्या आमच्या आईची प्रकृती त्या गृहस्थांनी पाहिली नसावी.

१९८३ साली आशियाई स्पर्धेत भारत पुन्हा उपविजेता झाला आणि त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार शांती मलिक यांना मिळाला. महिला फुटबॉलपटूस मिळालेला तो पहिलाच. वहीत त्यांचे छायाचित्र आहे. बोटभर लांबीचे, शाई पसरलेले. त्यानंतर वहीची पाने विरळ होत जातात. वर्षाला एखादे कात्रण, कधी तेही नाही. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई खेळांत चीनने आपल्या संघावर सोळा गोल चढवले. आपला एकही नाही. आम्ही फोन करून ही बातमी आक्कास सांगितली, आणि आमच्या स्वरात तेव्हा दुःख नव्हते हे कबूल करणे भाग आहे. “लिहिलंय,” एवढेच म्हणून तिने फोन ठेवला. पुढल्या वर्षी त्याच चीनच्या मुली अमेरिकेत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या आणि गोलशून्य बरोबरीनंतर केवळ पेनल्टींवर हरल्या. आक्काने ते कात्रण शोधून सोळा गोलांच्या शेजारी लावले. वर काही लिहिले नाही. हिशेबाच्या वहीत ज्याची नोंद त्याच्या समोर करावयाची, इतकेच.

मग २००९ आले. जागतिक फुटबॉल महासंघाच्या क्रमवारीतून भारताच्या महिला संघाचे नाव निघाले. तळाशी गेले असे नव्हे, निघालेच. दीड वर्ष एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला संघ यादीतून वगळावयाचा, असा नियम होता. हरल्यामुळे खाली जाणे आम्ही समजू शकतो. येथे मुली हरल्या नव्हत्या. त्यांना कोणी मैदानावर पाठवलेच नव्हते. ही बातमी आम्ही वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचली आणि प्रथमच कात्री घेतली. कात्रण खिशात घालून काचीगुड्यास गेलो. वहीत ते आधीच लावलेले होते. तरी आक्काने आमचेही ठेवून घेतले.

“दोन लावून काय करायचं?” आम्ही विचारले.

“असू दे. तू कापलेलं आहे.”

दादा त्यापूर्वीच गेले होते. वहीबद्दल बोलावे असे आता आम्ही दोघेच उरलो होतो. आमचे जाणे वाढले ते त्यानंतर. दर रविवारी सकाळी आम्ही जात असू, इराणी चहाची थर्मास बरोबर नेत असू, आणि भाचेसून आमच्यापुढे पोह्यांच्या बशा ठेवून हसत असे की मामांची क्रीडापरिषद भरली.

२०१० पासून जमेची बाजू पुन्हा भरू लागली. दक्षिण आशियाई देशांची महिलांची स्पर्धा त्या वर्षी सुरू झाली आणि पहिल्या पाचही खेपांस भारत जिंकला: २०१०, २०१२, २०१४, २०१६, २०१९. त्यांतली २०१४ ची इस्लामाबादेत. भारताच्या मुली पाकिस्तानच्या राजधानीत चषक उंचावून आल्या आणि आमच्या परिचयातल्या एकाही घरी ही बातमी ठाऊक नव्हती. क्रिकेटचे पुरुष असा चषक तिथून घेऊन आले असते तर शहरात फटाके मिळाले नसते! ओइनाम बेमबेम देवींचे नाव वहीत याच पानांवर पुनःपुन्हा येते. मणिपूरच्या या बाई लहानपणी मुलग्याचे नाव सांगून मुलग्यांत खेळत, पंधराव्या वर्षी देशाकडून खेळल्या, आणि त्यांना अर्जुन पुरस्कार २०१७ साली मिळाला. शांती मलिकांनंतर चौतीस वर्षांनी, दुसरा. आक्काने वजाबाकी करून आकडा समासात लिहिला आहे. पद्मश्री २०२० साली आली, तीही महिला फुटबॉलला पहिली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलमध्ये मनौस येथे सामना झाला. सहा विरुद्ध एक अशी हार. पण तो एक गोल पंजाबच्या मनीषा कल्याणने ब्राझीलच्या घरात केला होता, आणि त्या कात्रणात तिचे नाव मथळ्यात होते. आक्काने नावाखाली दोनदा रेघ ओढली.

त्यापुढचे पान आम्हांस अजून नीट वाचवत नाही. जानेवारी २०२२. महिलांची आशियाई स्पर्धा भारतात, म्हणजे मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे, भरली होती. तिथून पुढल्या वर्षीच्या विश्वचषकाची वाट जात होती. २० जानेवारीस नवी मुंबईत इराणशी पहिला सामना. दूरदर्शनसंचापुढे आम्ही दोघे. आपल्या मुलींनी किती संधी घालवल्या! गोलशून्य बरोबरी झाली तेव्हा आक्का म्हणाली, पाय लागले की जमेल. २३ तारखेस तैवानशी सामना होता, तोच तैवान, ज्याच्याकडून कालिकतला हरलो होतो. आक्काने बेचाळीस वर्षांपूर्वीचे पान उघडून मांडीवर ठेवले होते. आणि मग बातमी आली. संघात करोनाची लागण इतकी झाली होती की नियमाने लागणाऱ्या तेरा मुलीदेखील उभ्या राहू शकत नव्हत्या. सामना झाला नाही. संघाने माघार घेतली असे धरण्यात आले, आणि इराणशी झालेल्या बरोबरीची नोंदही पुसली गेली. आदल्या वर्षीच्या लाटेत आक्काचे यजमान गेले होते. त्या रोगाचे नाव ती तोंडाने घेत नसे. तिने पेन मागितले आणि लिहिले, ‘सामना झाला नाही.’ जमेस काही नाही, खर्चास काही नाही. आम्ही बराच वेळ बसून होतो. स्पर्धा आपल्या अंगणात, आणि आपल्याच मुली खोल्यांत बंद.

त्याच वर्षी एक बरे झाले. निझामाबाद जिल्ह्यातली गुगुलोथ सौम्या ही मुलगी क्रोएशियातल्या दिनामो झाग्रेब क्लबकडे खेळावयास गेली. निझामाबाद हे आमचे आजोळ. तिथल्या मैदानावर आमच्या मामांच्या म्हशी चरत असत, एवढीच त्या गावाच्या क्रीडाजीवनाची आम्हांस माहिती. आक्काने ‘आपल्या मुली’ या शीर्षकाखाली सौम्याचे नाव लिहून पुढे कंसात ‘आजोळची’ असे लिहिले. ते तिच्या हातचे जवळजवळ शेवटचे अक्षर. डोळ्यांच्या पडद्याचा विकार वाढला आणि २०२३ नंतर तिला वाचणे-लिहिणे सुटले. उजेड कळतो, माणूस कोणत्या बाजूस उभा आहे हे कळते, चेहरा कळत नाही. दूरदर्शनसंचावर हिरवे मैदान दिसते. त्यावरची माणसे दिसत नाहीत.

५ जुलै २०२५ चा दिवस शनिवार होता. दुसऱ्या दिवशी आषाढी. स्वयंपाकघरात साबुदाणा भिजत पडला होता. थायलंडमध्ये चिआंग माई येथे आशियाई स्पर्धेच्या पात्रतेचा शेवटचा सामना होता. तत्पूर्वीच्या तीन सामन्यांत आपल्या मुलींनी मंगोलियावर तेरा, तिमोर-लेस्तेवर चार आणि इराकवर पाच गोल केले होते आणि स्वतःवर एकही होऊ दिला नव्हता. पण थायलंड म्हणजे थायलंड. १९८३ चा अंतिम सामना आपण त्यांच्याकडूनच हरलो होतो, आणि त्यांना आपण कधीच हरवले नव्हते. आक्काच्या नातवाने मोबाईलवर कुठूनसे प्रक्षेपण मिळवले, आवाज बंद केला, आणि फोन आमच्या हातात दिला. “आजोबा, तुम्ही सांगा. आजीला तुमचं सांगणं समजतं.”

असे हे जुने काम एक्याऐंशीव्या वर्षी आमच्याकडे परत आले. या वेळी मात्र दारातून आत येऊन सांगावयाचे नव्हते, डोळ्यांसमोर घडत असताना सांगावयाचे होते. आम्ही सुरुवात केली. निळ्या कपड्यांतली डावीकडून निघाली. दिला. तिने पुढे दिला. अडवला.

“कोणी दिला?” आक्का.

“ती... निळीतली.”

“सगळ्याच निळ्यातल्या असतील. नाव काय?”

नाव आम्हांस ठाऊक नव्हते. पोलिसांच्या संघाची अकरा नावे आम्ही आजही झोपेत सांगू. तेरा वर्षांच्या आक्काच्या नातवास सगळी नावे पाठ होती, तो मागून पुरवू लागला. पंथोई, स्वीटी, ग्रेस, मनीषा. अठ्ठाविसाव्या मिनिटाच्या सुमारास एकीने दुरून असा फटका मारला की थायलंडची गोलरक्षक झेपावूनही पोचली नाही. आम्ही ओरडलो. संगीता, पोरगा म्हणाला, संगीता बासफोर, बंगालची.

“घोळवत बसली नाही ना?” आक्काने विचारले.

“नाही. आला तसा मारला.”

“हं.” रहीमसाहेबांच्या वतीने पसंती मिळाली.

मध्यंतरानंतर लगेच थायलंडने बरोबरी केली. साबुदाण्याकडे पाहावयास गेलेली सून परत येऊन उभी राहिली ती जागची हलेना. पंधरा-सोळा मिनिटे उरली असता आपल्यास कॉर्नर का काय मिळाला असे वाटते, तेवढ्यात चित्र थिजले. पडद्यावर एक मुलगी अर्ध्या उडीत तशीच लोंबकळत राहिली. फोन हलवला, खिडकीशी नेला. चित्र सुरू झाले तेव्हा निळ्या मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या.

“गोल!” आम्ही म्हणालो.

“कोणी केला?”

आम्ही पाहिले नव्हते. सत्तर वर्षांपूर्वी अशा वेळी जे करीत होतो तेच प्रथम मनात आले, म्हणजे एखादे नाव ठोकून द्यावे. सौम्याचे सांगावे, आक्कास बरे वाटेल. जिभेवर आलेही होते.

“दिसलं नाही, आक्का,” आम्ही म्हणालो. “चित्र अडकलं होतं.”

ती हसली. आम्ही तिला असे हसताना दादा गेल्यापासून पाहिले नव्हते. “थांब मग,” म्हणाली. “कळेल.”

पोराने दोन मिनिटांत शोधून काढले. दुसराही संगीताचाच. दोन विरुद्ध एक. शेवटची मिनिटे आम्ही काय सांगितले ते आम्हांस आठवत नाही. शिट्टी झाली तेव्हा आक्काने आमचे मनगट धरलेले होते. पात्रता फेरी जिंकून या स्पर्धेत जाण्याची भारताच्या मुलींची ही पहिलीच खेप.

रात्रीच वही काढली. लिहावयाचे आता आमच्याकडे होते. आक्का सांगत गेली तसे आम्ही लिहीत गेलो: तारीख, गाव, प्रतिपक्ष, जमा दोन, खर्च एक. गोल करणारीचे नाव लिहिताना ‘बासफोर’ मधला ‘स’ अर्धा की पूर्ण, यावर पोराचे आणि आमचे मत जुळेना. आक्का म्हणाली, “पूर्ण लिही. आणि पहिल्या अकराही जणींची नावं घाल, तो सांगतोय तशी. घाई करू नको, तुझं अक्षर आधीच वाईट आहे.”

अकरा नावे लिहून झाली. मग तिने बोटांनी पान चाचपले, शाई ओली होती तिथे अंगठा उमटला, आणि तिने विचारले, खाली जागा किती राहिली. चार ओळी, आम्ही म्हणालो.

“कालिकतचं पान काढ,” ती म्हणाली. “त्या दहा ओळींचं बघू आता. ह्या पोराला सांग शोधायला.”